नाताळचं लाल झाड विषारी? आधी ते मिठाचं पाणी खाली ठेवा

शनिवारी रात्री वसईहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाबूनं ते लाल झाड खाल्लं गं!" मागे पोराचा नुसता आकांत. विचारून विचारून कळलं ते एवढंच, की पावणेतीन वर्षांच्या आमच्या भाच्यानं नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याशेजारी ठेवलेल्या पॉइन्सेटियाचं, म्हणजे नाताळात घरात ठेवतात त्या लाल पानांच्या झाडाचं, एक पान चावलं आणि कडू लागलं म्हणून थुंकून टाकलं. रडत होता तो वेगळ्याच कारणानं. तिच्या सासूबाई त्याला धरून मिठाचं पाणी पाजत होत्या.

का, तर फॉरवर्ड. तो मलाही तीन ग्रुपवर आलाय. वर कवटी, खाली 'नाताळच्या लाल फुलाचं सत्य' आणि पाच मुद्दे: एका पानात लहान मूल दगावतं, चिकानं आंधळेपण येतं, अमेरिकेत या झाडावर बंदी आहे, लाल रंग फवारलेला असतो, आणि पान पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण जीव घेणारा मुद्दा तोच आहे. चमचाभर मीठ आपल्याला काहीच वाटत नाही, पण दहा-बारा किलोच्या पोराच्या रक्तात त्यानं सोडियम झपाट्यानं वाढू शकतं. मग झटके येतात, मेंदूला इजा होते. उलटीसाठी पाजलेल्या मिठाच्या पाण्यानं माणसं गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डॉक्टरांनी हा उपाय कधीच मोडीत काढलाय. पोरानं काहीही खाल्लं तरी तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा, घोटभर साधं पाणी द्या आणि डॉक्टरांना विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथं चोवीस तास फोनवर सल्ला मिळतो.

आता ते एक पान. ही कथा शंभर वर्षं जुनी आहे. 1919 साली हवाईमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं दोन वर्षांचं मूल हे पान खाऊन गेलं, असं सांगितलं जायचं. पुढे ती गोष्ट ऐकीव निघाली, पण तोवर पुस्तकांत जाऊन बसली होती. 1996 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या विष-नियंत्रण केंद्रांकडे नोंदलेली पॉइन्सेटियाची 22,793 प्रकरणं त्यात तपासली होती. त्यातली 93 टक्के लहान मुलांची. मृत्यू किती? शून्य. 92 टक्क्यांहून जास्त जणांना काहीही झालं नाही आणि 96 टक्के जणांना दवाखान्याची पायरीही चढावी लागली नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं यातलं एक प्रकरण तरी बघितलं असतं!

आणि विषारी झाडांची एवढीच काळजी असेल तर कण्हेरीकडे बघा. बिट्टीच्या बियांकडे बघा, ज्या घेऊन पोरं अंगणात खेळतात. धोतरा तर आपण परडीत घालून देवाला नेतो. या तिन्हींनी माणसं मेलेली आहेत. पण त्यांच्यावर कवटी काढून कुणी फॉरवर्ड करत नाही.

चिकाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. पॉइन्सेटिया शेराच्या आणि त्रिधारी निवडुंगाच्या गोतातलाच, देठ मोडला की पांढरा चीक येतो. कातडी नाजूक असेल तर पुरळ उठतं, डोळ्यात गेला तर चुरचुरतं, रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. पान चघळणारी मांजर ओकते. पण कुंपणाच्या शेराचा चीक याहून कितीतरी जहाल, आणि त्याच्याजवळ खेळूनच आम्ही वाढलो.

बंदीचं तर हसूच आलं. अमेरिकेत दर नाताळला ही झाडं लाखोंनी विकली जातात आणि 12 डिसेंबर हा तिथं पॉइन्सेटियाचा दिवस म्हणून पाळतात. हे मूळचं मेक्सिकोचं झाड अमेरिकेत नेणारे अमेरिकी राजदूत पॉइन्सेट 1851 साली त्याच तारखेला वारले, म्हणून.

रंगाचं म्हणाल तर निळी किंवा चमकी लावलेली झाडं मिळतात, ती फवारलेलीच असतात. लाल मात्र खरा. ती फुलं नव्हेत, पानंच आहेत. खरी फुलं म्हणजे मधले ते बारीक पिवळे गोंडे. रात्री लांबल्या की पानांवर लाली चढते. रोज चौदा-एक तास सलग अंधार, तोही काही आठवडे, मिळायला हवा. माझ्या गॅलरीतलं झाड दोन वर्षं हिरवंच्या हिरवं राहिलं होतं, कारण समोर रस्त्याचा दिवा. यंदा ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी त्यावर खोका पालथा घातला, तेव्हा कुठे रंगलं.

भाचा ठणठणीत आहे. पाणी दोन घोटांपलीकडे गेलंच नव्हतं, त्यानं पेला सासूबाईंच्या अंगावर उडवला होता. झाड आता फ्रीजवर ठेवलंय. मी बहिणीला म्हटलं, मिठाची बरणीही तिथंच ठेव.