‘निर्लज्ज माणूस अमर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक, स.न.

चिलखती लढतीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्याने, बायकोला ऐकवायला. ती म्हणाली, “उत्तर देऊ नकोस.” म्हणून हे उत्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम, म्हणजे आमच्या एससीएत (मध्ययुगीन युरोप हौसेने पुन्हा उभा करणारी संस्था; आम्ही चिलखत घालून वेताच्या ‘तलवारीं’नी लढतो), वार लागू झाला की नाही हे ज्याला बसला तोच सांगतो. यावर तुम्ही लिहिता, “ज्याला लागलं त्यानेच ठरवायचं, तर निर्लज्ज माणूस अमर.” पुढे : राजा निवडायच्या स्पर्धेतही असंच चालत असेल तर त्या मुकुटाला किंमत काय, वेताच्या काठ्या कसल्या, खरं ते पोलादाचं बुहुर्त (म्हणजे पोलादी शस्त्रांनी खेळायची चिलखती लढत), आणि “तुमच्यासारख्या हौशी एनआरआय मंडळींना” घरचा मर्दानी खेळ दिसत नाही. शेवटी एक स्मायली.

आधी माझी चूक. वेताची जाडी मी एक इंच लिहिली होती, ती कमीत कमी सव्वा इंच हवी. तुम्ही ती दाखवलीत, तुमचं बरोबर, लेखात दुरुस्त केलं. कोणी चूक दाखवली तर मी मान्य करतो, एवढं लक्षात असू द्या.

आता ‘निर्लज्ज’. शब्द जपून वापरावा, साहेब (की बाई? नाव दिलं असतं तर कळलं असतं). शंका विचारायला माझी हरकत नाही. पण जे लोक आठवडाभर नोकरी करून रविवारी पंचवीस-तीस किलो लोखंड अंगावर चढवतात, त्यांना न भेटता, न पाहता निर्लज्ज म्हणायचं आणि वर स्मायली टाकायची, ही कुठली रीत? आमच्या मिरजेत याला आगाऊपणा म्हणतात.

तुम्हाला वाटतं पंच ठेवायचा राहून गेलाय. राहून गेलेला नाही. रिंगणाच्या कडेला मार्शल असतो. कुणाचा पट्टा सुटलाय का, कुणी ऐन गुडघ्याला किंवा त्याखाली मारतंय का, हे तो बघतो आणि गडबड दिसली की “होल्ड!” म्हणून ओरडतो. वार लागू झाला का, हे सांगणं सहसा त्याचं काम नसतं, कारण बाहेरून ते कळत नाही. शिरस्त्राणावर खण्णकन आवाज आला म्हणजे वार चांगला असं नाही. वेत गोलच, पण त्याची ‘सपाट’ धरलेली बाजू बसली तरी आवाज तेवढाच होतो. धार समजून जी बाजू आखलेली असते ती बसली का, आणि किती जोरात, हे आतल्या माणसालाच जाणवतं. त्यातही गंमत अशी, की तुम्ही प्रत्यक्षात काय घातलंय ते मोजायचं नसतं. सगळ्यांच्या अंगावर एकच चिलखत आहे असं धरायचं : लोखंडी कड्यांचा अंगरखा, त्याखाली जाड गादीचा सदरा, डोक्याला नाकपट्टीचं उघड्या तोंडाचं शिरस्त्राण. छाताडावर भले पोलादी पत्रा असो, मनात विचारायचं, त्या कड्यांच्या अंगरख्यात मी वाचलो असतो का? नसतो, तर पडायचं. मांडीवर बसला तर गुडघ्यांवर बसून लढायचं, हातावर बसला तर तो हात पाठीमागे. हे कुठला पंच ठरवणार? तलवारबाजीतल्या एपे प्रकारात १९३६ च्या ऑलिंपिकपासून विजेचा दिवा आहे. टोक टेकलं की दिवा लागतो. त्या दिव्याला हे विचारून बघा.

आणि हो, वार न मानणारे आमच्यात आहेत. त्यांना ‘गेंडा’ म्हणतात. एकदा ते नाव चिकटलं की सरावाला समोर कोणी उभं राहत नाही. मग काय करायचं ते अमरत्व घेऊन?

स्वतःचंच सांगतो, म्हणजे पुस्तकी वाटायला नको. न्यू जर्सीत मी अकरा वर्षं लढतोय. तिसऱ्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत समोर साठीचे एक गृहस्थ होते, पेशाने प्लंबर. त्यांचा एक वार माझ्या डाव्या बरगडीवर आला. नवी गादी होती, मला काहीच वाटलं नाही. मी म्हणालो, “लाइट,” म्हणजे वार हलका, धरत नाही. त्यांनी जाळीतून क्षणभर पाहिलं, ढाल उचलली, आणि पुढच्या झटापटीत मी त्यांना पाडलं. पुढच्या फेरीत मी गेलो, ते घरी गेले. रात्री अंघोळीला सदरा काढला तर बरगडीवर पुरीएवढा डाग, कडेला जांभळा आणि मधे लाल. बर्फ लावत तसाच बसलो आणि दहा वाजता त्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, “मला माहीत होतं. तुला कधी कळतंय ते बघत होतो.”

मी हे कोणाच्या दडपणाने केलं नाही. नियम कसा चालतो याचा यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. (त्या स्पर्धेचा निकाल बदलला का, असं आता विचारू नका. मुद्दा तो नाही.)

बाकीचं झटपट. बुहुर्त चांगला खेळ आहे, पण पोलाद असल्यामुळे तिथे भोसकायला बंदी, आणि सांघिक लढतीत हात किंवा गुडघा जमिनीला टेकला की माणूस बाद. मग ती चिलखत घालून केलेली कुस्तीच झाली. आम्हाला भोसकता येतं. मर्दानी खेळ मी कोल्हापुरात मामाकडे दर सुट्टीत पाहिलाय, लाठी हातात धरलीय. त्याचा इथे संबंध काय ते तुम्हालाच ठाऊक. १९६६ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीतल्या एका परसात सुरू झालेल्या गोष्टीत शिवकाल का नाही, हे मला विचारण्यात अर्थ नाही. मुकुटाच्या प्रश्नावर सवडीने वेगळं लिहीन.

‘हौशी’ म्हणालात ते मात्र खरं. हौसच आहे. पदरचे पैसे घालून करतो.

आमचा सराव मंगळवारी संध्याकाळी असतो. माझ्याकडे एक जादा शिरस्त्राण आहे, आतून जरा वास येतो, पण बसेल. येताना नाव सांगा म्हणजे झालं.