पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक भाग जोडायच्या छापील सर्किट बोर्डाच्या) दराबाबत खुलासा

‘परदेशातून पाच पीसीबी २०० रुपयांत घरपोच मिळतात, म्हणून मुंबईतल्या कारखान्यांकडे जाऊच नका’ हा फिरणारा संदेश मूळ माझा असून तो चुकीचा आहे. तो दर १०० बाय १०० मिलिमीटरपर्यंतच्या दोन थरांच्या बोर्डाच्या केवळ निर्मितीचा होता. जुने बिल पुन्हा काढून पाहिले तेव्हा कुरिअरचे भाडेच बोर्डांहून जास्त निघाले आणि आयात कर त्यावर वेगळा होता. काळा बोर्ड हिरव्यापेक्षा मजबूत, हे कोणीतरी मागाहून जोडलेले वाक्यही खरे नाही, कारण रंग फक्त सोल्डर मास्कचा, म्हणजे बोर्डावरच्या संरक्षक लेपाचा असतो. कारखाना कुठलाही असो, विचारायचे ते एफआर-४ची (बोर्डाच्या काचतंतू-रेझिनच्या मूळ पाट्याची) जाडी, ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर आणि विद्युत चाचणी यांविषयी. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.