सांधे आणि चिंध्या

संधिवात हा पाहुण्यांचा अत्यंत आवडता आजार आहे. मधुमेह किंवा रक्तदाब म्हटले की लोक निदान डॉक्टरांचे नाव तरी विचारतात. सांधे दुखतात म्हटल्यावर मात्र समोरचा प्रत्येक जण स्वतःच वैद्य होतो. निर्गुडीचा पाला, एरंडेल, मेथीचे लाडू आणि वांग्याचा आजन्म त्याग हे सारे उपचार मला सोफ्यावर बसल्या जागी मिळालेले आहेत. माझा आजार रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते आणि वयोमानाने होणाऱ्या गुडघेदुखीहून तो वेगळा आहे, असे मी समजावू लागले की, "म्हणजे वातच ना?" असा प्रश्न येतो आणि चर्चा पुन्हा लाडवांवर येऊन ठेपते.

प्रत्यक्षात या आजाराचे स्वरूप बरेचसे सरकारी आहे. सकाळी उठल्यावर बोटांचे कामकाज सुरू होण्यास तासाहून अधिक वेळ लागतो आणि त्याआधी कितीही विनंती केली तरी उपयोग होत नाही. या आजारावरची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली गेली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्या घरी त्या वाराचे पावित्र्य संकष्टीहून अधिक मानले जाते. फॉलिक ॲसिडचा वार निराळा. रक्ततपासणीची तारीख निराळी. उरलेल्या वेळात विश्रांती घ्यावी असे सर्वांचे मत पडते. विश्रांती म्हणजे भिंतीकडे पाहत आपल्याच मनगटाच्या सुजेचे मोजमाप करणे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या विश्रांतीतून माझी सुटका चिंध्यांनी केली; जुन्या कपड्यांची मी पायपुसणी करू लागले. नवे कापड कापायला घेतले की त्याची किंमत आठवते, अंगठा कचरतो, कात्री तिरकी जाते आणि दुखण्यात हळहळीची भर पडते. फाटका टी-शर्ट मात्र आधीच बिघडलेला असतो. त्याचे आणखी वाईट करणे माझ्याही हातून होत नाही. शिवाय त्याला कसलीही घाई नसते. सांधे अचानक भडकले आणि आठवडाभर सुईला हात लावता आला नाही, तरी अर्धवट पायपुसणे "कधी होणार?" असे विचारत नाही. घरात हा गुण असलेले ते एकमेव सदस्य आहे.

टी-शर्टचे कापड स्वेटरसारख्या विणीचे असल्यामुळे त्याची पट्टी कापून ओढली की कडा आपोआप आत वळतात, दोरे निघत नाहीत आणि पट्ट्या दुमडून शिवण्याचा त्रास वाचतो. अशा पट्ट्यांची तीनपेडी वेणी घालायची, ती चकलीसारखी गुंडाळत न्यायची आणि खालच्या बाजूने टाके घालायचे. वेणी घालताना चिमटीत काही घट्ट धरावे लागत नाही, म्हणून बोटांची फारशी तक्रार नसते; तक्रार असते ती कात्रीची. त्यावर उपाय म्हणून मी कात्रीच्या कड्यांना याच चिंध्या जाडसर गुंडाळल्या. मूठ जाड असली की पकडायला जोर कमी लागतो, हे तत्त्व एकदा उमगल्यावर सुरी, उलथने, पेन आणि दात घासायचा ब्रश या सर्वांना मी कपडे चढवले. आमचे स्वयंपाकघर हल्ली बारशाला आल्यासारखे दिसते.

कच्च्या मालाचा पुरवठा हा नाजूक विषय आहे. यजमानांचे बनियन वाळत असताना मी दोरीकडे नुसते पाहिले तरी ते बाहेर येऊन, अमुक बनियन अद्याप सेवेत आहे, असे जाहीर करतात. जुन्या सुती साड्यांची गोधडी मी मनातून काढून टाकली आहे, कारण तितक्या थरांतून सुई आरपार काढण्याइतके बळ माझ्या चिमटीत नाही. एक्स-रेच्या जुन्या फिल्मचा मात्र उत्तम उपयोग झाला. भाच्याने ब्लेडने त्यात वेलबुट्टी कोरून दिली आणि दिवाळीत दारासमोर रांगोळीची जी नक्षी उमटली, ती माझ्या उजव्या हाताच्या हाडांमधून गाळून आलेली होती. शेजारच्या काकूंनी छाप कुठे मिळाला, असे विचारले तेव्हा मी क्ष-किरण विभागाचे नाव सांगितले. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे अद्याप काही जमलेले नाही. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना इतके चिकटलेले असतात की भंगारवालाही ती घेत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बोहारणीला माझा हा उद्योग पहिल्यापासून खटकत असे, आणि ते रास्तच होते. तिच्या हक्काचे कपडे मी परस्पर कापत होते. परवा मात्र तिने दारातले पायपुसणे उलटेपालटे करून पाहिले, टाके विरळ आहेत असा शेरा मारला आणि अशी दोन दिलीत तर स्टीलचा डबा देते, असे म्हणाली. मी तिच्याच पद्धतीने नाक मुरडून वर एक चाळणी मागितली. बरीच घासाघीस होऊन सौदा चाळणीसकट ठरला.

डबा देखणा आहे. दोरे, सुया आणि पट्ट्या मी त्यातच भरून ठेवल्या. त्याचे झाकण इतके घट्ट बसते, की संध्याकाळी यजमान कामावरून येईपर्यंत माझा कारखाना बंद असतो, आणि झाकण उघडून देण्यापूर्वी ते आपल्या दोन बनियनांना अभय मागून घेतात.