गॅमा नाईफच्या आधी हे हवं

गोव्यात कुणाच्या डोक्यात गाठ निघाली की बोलणं एकाच मागणीवर येऊन थांबतं: मुंबईच्या खेपा कशाला, गॅमा नाईफ (कवटी न उघडता गाठीवर नेमके किरण सोडणारं यंत्र) बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातच आणा. त्यामागची वणवण खरी आहे. डिचोली-सत्तरीच्या कुटुंबाला गाडीभाडं, मुंबईत राहणं, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, सगळंच जड जातं. पण इंग्लंडमध्ये राहून इथली पद्धत पाहिल्यावर वाटतं, मागणी चुकीच्या जागी लागली आहे.

इथेही रुग्ण प्रवास करतातच. शेफील्डला गॅमा नाईफ 1985 पासून आहे आणि लांबलांबचे लोक तिथे जातात. यंत्रातल्या किरण देणाऱ्या कोबाल्टचं अर्धायुष्य 5.27 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याची ताकद निम्मी होते. रुग्ण येवो न येवो, तो झिजतो आणि तोच डोस द्यायला जास्त वेळ लागू लागतो. साडेचौदा लाखांच्या गोव्यात (2011 ची जनगणना) ऐकण्याच्या नसेवरच्या गाठी वर्षाला लाखात एखाद-दोन. चेहऱ्याच्या, गिळण्याच्या, जिभेच्या नसेवरच्या तर फारच विरळ, आणि हात बसायला संख्या लागते. कवटीच्या तळाशी, गिळण्याच्या नसा बाहेर पडतात तिथली गाठ घ्या. डोक्याला चार स्क्रूंनी बसवायची फ्रेम तिथे नेहमीपेक्षा खाली घ्यावी लागते, नाहीतर गाठीचं मानेकडचं टोक यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतं. गाठीच्या कडेला साधारण 12-13 ग्रे (किरणांच्या डोसचं माप) द्यायचे आणि शेजारच्या मेंदूच्या देठाला जपायचं. गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर बहुधा आधी शस्त्रक्रियेचाच विचार होतो.

खरं नुकसान मात्र यंत्राच्या आधी आणि नंतर होतं. गालाची बधिरता दाढेवर ढकलली जाते आणि दाढ उपटली जाते. चेहरा लुळा पडला की बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या नसेचा अचानक येणारा लुळेपणा) म्हणून गोळ्या दिल्या जातात. बेल्स पाल्सीचा लुळेपणा दोन-तीन दिवसांतच पूर्ण वाढतो आणि तीन महिन्यांत सुधारू लागतो. आठवडेन् आठवडे हळूहळू वाढणारा किंवा तीन महिन्यांनंतरही न हललेला लुळेपणा दिसला तर नसेच्या संपूर्ण वाटेचा, एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, गाठ उठून दिसावी यासाठीचं औषध) देऊन केलेला एमआरआय हवाच.

उपचारानंतरची चूक जास्त महाग पडते. पहिल्या सहा ते अठरा महिन्यांत गाठ बऱ्याचदा सुजते आणि मधला भाग काळपट दिसतो. हा उपचाराचाच परिणाम असतो. पण गोव्यात दुसऱ्याच सेंटरवर, जाड कापांनी एमआरआय होतो, जुना जवळ नसतो आणि अहवालात ‘गाठ वाढली’ असं लिहिलं जातं. घाबरून नको ती शस्त्रक्रिया होते आणि चांगली गिळणारी व्यक्ती नाकातल्या नळीवर येते.

म्हणून यंत्राच्या आधी बांबोळीत एक ठरलेली बैठक हवी: न्यूरोसर्जन, कान-नाक-घसा, रेडिऑलॉजी आणि पडद्यावर मुंबईचं केंद्र. पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एक, दर वेळी त्याच पद्धतीने, आणि तुलना उपचाराच्या दिवशीच्या एमआरआयशी. त्यासाठी मुंबईहून निघताना फिल्मवर समाधान न मानता त्या दिवसाच्या मूळ डिजिटल फाईली मागून घ्याव्यात. एमआरआय लवकर करायचा तो नवं लक्षण आलं तर: आवाज बसला, पाणी श्वासनलिकेत जाऊ लागलं, चालताना तोल जाऊ लागला. सोबत जाणाऱ्याच्या प्रवासाचा खर्च सरकारने दिला, तर तो यंत्राच्या किमतीपुढे किरकोळच ठरेल.