शनिवारची वेळ विद्यापीठांनीच विकली आहे

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. मला तो या वेळी तीन ठिकाणांहून आला. त्याचा सारांश असा: दर शनिवारी होणाऱ्या कॉलेज फुटबॉलच्या (विद्यापीठांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या) सामन्यांच्या वेळा टीव्ही चॅनलवाले मनाला येईल तशा लावतात, विद्यापीठांना कुणी विचारत नाही, दुपारी १२ चा सामना म्हणजे संघाला दिलेली दुय्यम वागणूक, वेळ ऐनवेळी कळते ती चॅनलच्या बेफिकिरीमुळे, आणि पूर्वी हे सगळं नीट होतं. मी ओहायोत राहते, लेकरांना घेऊन स्टेडियमवर जाते, त्यामुळे यामागची तळमळ मला कळते. पण राग भलत्यावरच निघतो आहे.

‘विद्यापीठांना कुणी विचारत नाही.’ हे तर मुळातच खोटं आहे. १९८४ पर्यंत टीव्हीवर कोणते सामने दाखवायचे याची सूत्रं एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या मध्यवर्ती संघटनेच्या हातात होती. दोन वर्षांत एका संघाला जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर झळकता येई. ही मर्यादा मोडायला कोर्टात कोण गेलं? ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विरोधात मत देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. खेळाचा बाजार होईल ही त्यांची धास्ती आज वाचताना मला फार खरी वाटते. त्या निकालानंतर प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि त्यांच्या कॉन्फरन्सकडे, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांकडे, आला, आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला.

आमच्या ओहायो स्टेटच्या बिग टेन कॉन्फरन्सचंच बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये या कॉन्फरन्सने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या चॅनलांशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. त्यात दुपारी १२ फॉक्सची, साडेतीन सीबीएसची आणि रात्र एनबीसीची, अशी शनिवारची वाटणीच झाली. म्हणजे सामन्याची वेळ ही विकलेल्या मालाचाच भाग आहे. कोणत्या आठवड्यात पहिली निवड कुणाची, हेही चॅनल आळीपाळीने आधीच ठरवून घेतात. मनमानीला इथे फारशी जागाच उरत नाही.

आणि विद्यापीठं अडून बसली तर चॅनलला थांबावं लागतं. २०२३ च्या मे महिन्यात बातमी आली होती की मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट यांसारखी विद्यापीठं नोव्हेंबरच्या थंडीत रात्रीचे सामने खेळायला कुरकुरत आहेत. असे सामने नाकारायची मुभा त्यांना आधीपासून होती, आणि इकडे रात्रीची वेळ तर एनबीसीला विकून झालेली. हा घोळ निस्तरायला कॉन्फरन्सला बरीच बोलणी करावी लागली. ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांच्यासाठी अशी बोलणी होत नसतात.

‘१२ ची वेळ म्हणजे दुय्यम वागणूक.’ एके काळी यात तथ्य होतं. २०१९ पासून मात्र फॉक्सने आपला सर्वांत चांगला सामना मुद्दाम दुपारी १२ ला लावायला सुरुवात केली, कारण साडेतीनला आणि रात्री इतर चॅनलवर तगडे सामने असत, आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी फॉक्सला बेसबॉलही दाखवायचं असतं. २०२३ चा मिशिगन–ओहायो स्टेट सामना, दोन्ही संघ अपराजित, दुपारी १२ लाच झाला आणि सुमारे १.९ कोटी लोकांनी पाहिला. सकाळी आठला पार्किंग गाठण्याचा त्रास मी नाकारत नाही. पण ओरेगनसारख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठाला घरच्या मैदानावर ही वेळ देता येत नाही, आमच्याकडे १२ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे नऊच वाजलेले असतात. म्हणून मग दुपारचा भार पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्यांवर पडतो. (साताऱ्यातल्या माझ्या आईला मात्र हीच वेळ सोयीची. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ होतात. आमचा रात्रीचा सामना बघायचा तर तिला पहाटे पाचला उठावं लागतं.)

‘पूर्वी हे नीट होतं.’ पूर्वी बहुतेक सामने दुपारी होत, हे खरं. पण त्यातले बरेचसे टीव्हीवर दिसतच नसत.

राहिला ऐनवेळी वेळ कळण्याचा मुद्दा, आणि इथे मजकूर लिहिणाऱ्याचं दुखणं अगदी खरं आहे. मोसमातल्या पहिल्या काही आठवड्यांच्या वेळा उन्हाळ्यातच कळतात. पुढच्या सामन्यांची निवड साधारण १२ दिवस आधी होते, आणि काही वेळा चॅनलला ती सहा दिवसांवर ढकलण्याची सवलत असते. सवलत आहे, कारण ऑगस्टमध्ये भारी वाटणारा संघ ऑक्टोबरपर्यंत चार सामने हरलेला असू शकतो. पण ती सवलतही करारात लिहिलेली आहे, आणि त्या करारावर विद्यापीठांच्या बाजूने सही झालेली आहे. तीनशे मैलांवरून गाडी हाकत येणाऱ्या, हॉटेलची खोली आगाऊ घेणाऱ्या, सोमवारी मुलांना शाळेत पाठवायचं असलेल्या माणसाचा विचार त्या सहीच्या वेळी कुणी केला नाही, याचा मला संताप येतो.

तो विचार करता येतो, हे दक्षिणेकडच्या एसईसी कॉन्फरन्सने दाखवून दिलं आहे. २०२४ च्या जूनमध्येच त्यांनी अख्ख्या मोसमाचं वेळापत्रक गटांत मांडलं: हा सामना दुपारचा, हा तिसऱ्या प्रहरचा, हा रात्रीचा, आणि काही सामने तेवढे साडेतीन ते आठच्या दरम्यान केव्हाही. नेमकी मिनिटं नंतर कळाली तरी दिवस कसा जाणार हे लोकांना तीन-चार महिने आधी ठाऊक होतं.

बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो. तिकीटधारकांनी आपापल्या विद्यापीठाच्या अध्यक्षांना आत्ताच लिहावं: पुढच्या करारात सामन्यांचे गट जूनमध्ये जाहीर करा, आणि सहा दिवसांची सवलत काढून टाका. माझं पत्र मी पाठवलं आहे.