सबको सब कुछ: मंडळाचं सामायिक फोल्डर चालवण्याची रीत

तुम्ही इंदुरातल्या एखाद्या मराठी मंडळाचे पदाधिकारी आहात, आणि कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं असं कधीतरी बोलून बसलात. आता कार्यालयातलं लिनक्सचं जुनं मशीन आणि दोन विंडोजवाली, यांचं लोढणं तुमच्याच गळ्यात. स्मरणिकेचे लेख, देणगीदारांची यादी, गणेशोत्सवाचा हिशोब, सगळं लिनक्सवरच्या एकाच फोल्डरमध्ये. कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी बदलायचं, हे तुम्ही ठरवायचंय.

तर पहिलं पथ्य: काहीही ठरवू नका. सहकोषाध्यक्षांना हिशोब फक्त वाचता येतो, एवढं नुसतं बाहेर पडू द्या, रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत संध्याकाळच्या आत चर्चा.

लिनक्स आणि विंडोज यांची सोयरीक जुळवायला सांबा आहेच, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला उघडून देणारा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली, आणि तेव्हापासून जगभरची मंडळी त्याच एका जागी अडखळताहेत. दारं दोन असतात. सांबाच्या फाइलीत तुम्ही परवानगी लिहिता ते एक, आणि लिनक्समध्ये त्या फोल्डरची स्वतःची परवानगी हे दुसरं. दोन्ही उघडी असली तरच माणूस आत जातो. हे समजून घेण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा फोल्डरला सरळ ७७७ हा परवानगीचा आकडा मारा. वाचा, लिहा, उडवा, सगळ्यांना मुभा. शिवाय आकडाही शुभ दिसतो.

कुणी शहाणा सांगेल की एक गट करा, माणसं त्यात घाला, फोल्डरला २७७५ लावा, म्हणजे नवी फाइल आपोआप गटाच्या मालकीची होते. वर म्हणेल, सांबाचा क्रिएट मास्क, म्हणजे नव्या फाइलीला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ती मर्यादा, मुळात ०७४४ असतो, तो ०६६४ करा, नाहीतर वहिनींनी टाकलेला लेख दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येणार नाही. ऐकून घ्या, पोहे-जिलबी खिलवा आणि वाटेला लावा. लेख दुरुस्त होत नसेल तर त्याची नक्कल करायची. ‘स्मरणिका अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम खरी’, ‘खरी हीच छापणे’. छापखान्याकडे यांतली पहिलीच जाते, ती परंपरा आहे.

पासवर्डचं तर फार सोपं आहे. सांबा स्वतःचे पासवर्ड लिनक्सपेक्षा वेगळे ठेवतो, म्हणजे प्रत्येक माणसाचं खातं लिनक्समध्येही काढा आणि सांबातही. इतका खटाटोप कोण करतो? ‘मंडळ’ नावाचं एकच खातं काढा आणि पासवर्ड म्हणून स्थापनेचं वर्ष ठेवा. फाटकावरच्या पाटीत कोरलेलंच असतं, विसरायची भीती नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलेला माजी सचिवांचा भाचा अजून तोच वापरतो, पण मुलगा चांगला आहे.

विंडोज मध्येच कुरकुरेल. एकाच सर्व्हरवर एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी शिरायला ते बिलकुल तयार नसतं. जुनी जोडणी तोडायची आज्ञा आहे, पण मशीन बंद करून छप्पन दुकानला चक्कर मारून आलात तरी तेच काम होतं. आलात की कीबोर्डवरची शेव तेवढी झटका.

जुना स्कॅनर फोल्डरपर्यंत पोहोचत नसेल तर एसएमबी-१, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटायची जुनी पद्धत, चालू करून टाका. मायक्रोसॉफ्टने आणि सांबाने ती आता मुळातच बंद ठेवलीय; मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्याच भोकातून जगभर पसरला होता. दुरुस्ती त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती, पण अपडेट लावायला वेळ कुणाला होता! तुम्हालाही नाही.

एक बारीक गोष्ट तेवढी लक्षात असू द्या. लिनक्समध्ये फाइल उडवायचा हक्क फाइलीवर नाही, फोल्डरवर ठरतो. म्हणजे ज्या हिशोबातला एक आकडाही बदलता येत नाही, तो अख्खा पुसता येतो. आणि नेटवर्कवरून पुसलेलं विंडोजच्या कचरापेटीत जात नाही. सांबाला वेगळी कचरापेटी जोडता येते, पण आपल्या इंदुरात कचरा उचलण्याची शिस्त आधीच इतकी कडक आहे की पेटीची गरज नाही.

तरीही देणगीदारांची यादी नाहीशी झाली आणि कार्यकारिणीत कुणी विचारलंच, तर नोंदी काढून दाखवा. ‘मंडळ’ने उघडली, ‘मंडळ’ने पुसली. मंडळाने एकमताने घेतलेला निर्णय म्हणून इतिवृत्तात लिहा आणि पुढचा विषय घ्या.