एम.टेक. झालं, आता परत कोर्स कशाला?

सकाळी एका मुलाचा मेसेज. एम.टेक. इलेक्ट्रॉनिक्स, वर्षभर घरी. विचारतोय, "सर, कर्ज काढून एम्बेडेडचा (यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरचा) कोर्स करू का? शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात." सोबत प्रोजेक्टचा रिपोर्ट. वाचला आणि डोकंच फिरलं.

शेतातला पंप मोबाइल नेटवर्कवरून चालू-बंद करणारा जीएसएम कंट्रोलर. १२ व्होल्टचा अडॅप्टर, पुढे ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर ७८०५, मग व्होल्टेज थोडं उतरवायला १एन४००७ डायोड, मग सिम कार्डवर चालणारं सिम८००एल मॉड्यूल. सगळं ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता नुसतं खोचलेलं. शेवटी एक ओळ: 'नेटवर्कच्या अडचणीमुळे मॉड्यूल अधूनमधून रिसेट होते.' खाली गाईडची सही!

नेटवर्क कसलं डोंबलाचं? ट्रान्समिट करताना हे मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट खेचतं, दर ४.६ मिलिसेकंदांनी ५७७ मायक्रोसेकंद. ७८०५ फार तर दीड अँपिअरचा, डायोड एकाचा, वर ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी. सप्लाय ३.४ व्होल्टच्या खाली गेला की मॉड्यूल बंद. रेंज कमी तिथे ट्रान्समिट पॉवर जास्त, म्हणून दोष नेटवर्कचा वाटतो. मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) लिहिलंय हो हे सगळं!

पोराचा दोष नाही म्हणा. दोन वर्षांत 'स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) घे आणि सप्लायच्या पिनवर लाव' असं कुणी म्हटलंच नसणार. फी मात्र वेळेवर घेतली असेल.

आणि आता कोर्सवाले काय देणार? पुन्हा एलईडी लुकलुकवा, पुन्हा एलसीडीवर नाव लिहा. काहींना तिथून नोकऱ्या लागतात, एचआरच्या चाळणीतून पुढे जाता येतं. मान्य.

त्यापेक्षा बाळा, हाच प्रोजेक्ट पुन्हा उघड. ७८०५ आणि डायोड काढ, ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लाव. मॉड्यूल जोडण्याआधी मल्टिमीटरने ४ व्होल्ट सेट कर, ४.४ च्या वर ते मॉड्यूलला चालत नाही. सप्लायच्या पिनला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर, शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. कायकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन लेअरचा बोर्ड काढ, सप्लायचा ट्रॅक रुंद, खाली सलग ग्राउंड. पार्ट पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतील, मुंबईत असशील तर लॅमिंग्टन रोड. मग स्कोप: फॉलिंग एज, ट्रिगर ३.६ व्होल्ट (सप्लाय त्याखाली घसरताच स्कोप चित्र पकडेल), प्रोबची ग्राउंड वायर आखूड, नाहीतर नसलेलं रिंगिंग (सिग्नलची थरथर) दिसेल. पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटताना कंट्रोलर हँग होतो का तेही बघ. झाला तर त्याच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). आधीचा आणि नंतरचा वेव्हफॉर्म बायोडेटात टाक. इंटरव्ह्यू घेणारा त्यावरच अर्धा तास बोलेल.

व्हीएलएसआयवाल्यांनो, म्हणजे चिप डिझाइनवाल्यांनो, तुमचंही तेच. नुसतं 'व्हेरिलॉग (चिपचं सर्किट लिहायची भाषा) येतं' लिहू नका. दोन वेगळ्या क्लॉकमधला असिंक्रोनस फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग) लिहा, आयकॅरस सिम्युलेटरवर चालवा, जीटीकेवेव्हमध्ये वेव्हफॉर्म बघा. रांगेतली जागा दाखवणारे पॉइंटर ग्रे कोडमध्ये (एका वेळी एकच बिट बदलतो) का, हे सांगता आलं पाहिजे: बायनरीत ०१११ चं १००० होताना चारही बिट बदलतात, दुसऱ्या क्लॉकने मध्येच सॅम्पल केलं तर भलताच आकडा. पॉइंटर दुसऱ्या क्लॉककडे नेताना नुसती साधी वायर जोडून निसटू नका, सिंक्रोनायझरला दोन फ्लिप-फ्लॉप लावा.

पहिली नोकरी पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या कंपनीत टेस्टिंगची मिळाली तरी घ्या. रिपेअरला परत आलेले बोर्ड मागून घ्या: फुगलेले कपॅसिटर, तडकलेले सोल्डर जॉइंट, पाणी शिरलेले कनेक्टर. पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी असेल, आणि घरचे ते रोज ऐकवतील.